वेष्टनावरील तारीख आणि लेसर किरण

बिस्किटांचा पुडा घेताना किंमत बहुतेक जण पाहतात. तारीख पाहणारे थोडे. जे पाहतात त्यांनाही ती पुष्कळदा सापडत नाही. कधी ती पुड्याच्या शिवणीत दडलेली असते, तर कधी बोटाने घासताच निघून येते. यातील दुसरा प्रकार केवळ गैरसोयीचा नव्हे. जी तारीख ग्राहकाच्या बोटाने पुसली जाते, ती लबाड विक्रेत्याच्या बोळ्यानेही पुसली जाते आणि मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख उठविता येते. आडबाजूच्या गावात, जेथे माल उशिरा पोचतो व दुसरे दुकान जवळ नसते, तेथे याची झळ अधिक लागते.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार, काही अपवाद वगळता, उत्पादनाची अथवा वेष्टनाची तारीख आणि वापराची अंतिम तारीख वेष्टनावर देणे आवश्यक आहे. अमुक काळापर्यंत पदार्थ उत्तम राहील, हा शेरा ऐच्छिक आहे. या दोहोंत फरक आहे. उत्तमतेची मुदत उलटल्यावर पदार्थाची चव वा कुरकुरीतपणा कमी होऊ शकतो. अंतिम तारीख उलटलेला पदार्थ मात्र विकावयाचाच नसतो. हा मजकूर स्पष्ट, सुवाच्य आणि न पुसणारा असावा, अशी अपेक्षा आहे. चुकीच्या लेबलाच्या मालाबद्दल तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

न पुसणारी तारीख उमटविण्याचा एक मार्ग म्हणजे लेसर. शाईच्या फवाऱ्याने अक्षरे काढणारी यंत्रे कारखान्यांत सर्वत्र दिसतात व ती स्वस्तही पडतात. परंतु थंड पेयाच्या बाटलीवर दव धरले की शाई नीट बसत नाही. लेसरला शाई लागतच नाही. तो वेष्टनाचा पृष्ठभागच बदलतो.

या कामी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर वापरला जातो. त्याचे जनक कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर सिद्ध केला. सोड्याच्या बाटलीत ज्या वायूचे बुडबुडे असतात, त्याच वायूच्या लेसरने त्या बाटलीवर तारीख उमटावी, हा योगायोग गमतीचा आहे.

यंत्राची रीत अशी. बाटली सरकत्या पट्ट्यावरून पुढे आली की सेन्सर तिची चाहूल घेतो. पट्ट्याची गती सतत मोजली जात असते. डोळ्यांना न दिसणारा किरण दोन लहानशा आरशांवरून परावर्तित होऊन भिंगातून बाटलीवर एकवटतो. आरसे झपाट्याने फिरतात आणि किरण लेखणीप्रमाणे अक्षरे काढतो. मिनिटाला ६०० बाटल्या जात असतील, तर एकीच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भागच येतो. त्यातही बाटली थांबत नाही. तिच्या गतीचा हिशेब चुकला तर अक्षरे विस्कटतात.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर किरण वरची रंगीत शाई उडवितो व खालचा पांढरा थर दिसू लागतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचा पृष्ठभाग किंचित वितळून खूण उमटते. काचेवर सूक्ष्म तडे जाऊन अक्षर पांढुरके दिसते. पत्र्याच्या डब्याची गोष्ट निराळी. उघडा धातू हा किरण बहुतांशी परतवून लावतो, म्हणून तेथे कमी तरंगलांबीचा फायबर लेसर वापरतात. साध्या पारदर्शक पॉलिथिनमधून तर किरण बराचसा आरपार जातो. पातळ वेष्टनावर शक्ती जास्त झाली की छिद्र पडते, आणि मग तारीख स्पष्ट पण आतला पदार्थ खराब, असा उलटाच प्रकार होतो.

किरण डोळ्यांस व त्वचेस घातक असल्याने यंत्र बंदिस्त ठेवावे लागते, आणि उडणारा धूर शोषून घेणारी व्यवस्था लागते. यंत्राची किंमत मोठी आहे. लोणची-पापड करणाऱ्या बचत गटाने त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. न पुसणाऱ्या शाईचा ठसा योग्य जागी उठविला तरी त्यांचे काम भागते.

लेसरने सर्व लबाडी संपते असेही नाही. चालकाने चुकीची तारीख भरली, तर यंत्र ती तितक्याच ठसठशीतपणे कोरते. कोरलेल्या तारखेवर नवी चिठ्ठी डकविता येते. अशी चिठ्ठी दिसल्यास खाली काय आहे ते पाहावे. शिवाय पारदर्शक बाटलीवरील रंगहीन अक्षरे वृद्धांना सहज वाचता येत नाहीत. हा दोष उत्पादकांनी गंभीरपणे घेण्याजोगा आहे.

तारखेशेजारचा बॅच क्रमांकही महत्त्वाचा. एखाद्या दिवशीच्या उत्पादनात दोष आढळला, तर नेमका तेवढाच माल त्यावरून परत मागविता येतो. शाळा व अंगणवाडीत खाद्यपदार्थांची पाकिटे उतरवून घेताना तारीख आणि बॅच क्रमांक साठा नोंदवहीत टिपून ठेवल्यास पुढे शोध सोपा जातो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्यासाठी पावती व मूळ वेष्टन जपून ठेवावे. पाकीट उघडताना कात्री पुष्कळदा नेमकी तारखेच्या शिवणीवरूनच चालते; म्हणून ते दुसऱ्या टोकाने कापावे.