मोटरच्या शाफ्टवर सैल बसणारा गिअर

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमाग कारखानदारांना मोटरचा गिअर सैल होण्याचा त्रास नवा नाही. शाफ्टवर डॉट पंचाचे घाव घालून किंवा डब्याचा पत्रा एका बाजूने ठोकून वेळ मारून नेली जाते. पंचाने उठलेली टोके थोड्याच दिवसांत चेपतात. एका बाजूच्या पत्र्याने गिअर मध्यापासून सरकतो आणि दर फेऱ्यात दाते एकदा आवळतात, एकदा सैल पडतात. पुढे दाते झिजतात, चावी कापली जाते, बेअरिंग खराब होते. माग बंद राहिला की कारागिराची मजुरीही बुडते.

चावी फक्त जोर पोहोचवते, गिअर मध्यावर धरण्याचे काम शाफ्टचे आहे. म्हणून चावी घट्ट ठोकून हा दोष जात नाही.

प्रथम वीज बंद करून मायक्रोमीटरने शाफ्ट दोन-तीन ठिकाणी मोजावा. समजा गिअरचे भोक २४.०० मि.मी. आणि शाफ्ट सगळीकडे २३.९० आहे. फट ०.१० ची असली तरी पत्रा दोन्ही बाजूंना येतो, म्हणून ०.०५ मि.मी. जाडीचा पितळी शिम पत्रा घ्यावा. तो पूर्ण वेढा देईल असा, पण कडा एकमेकींवर चढणार नाहीत असा कापावा. चावीची खाच मोकळी ठेवावी.

दुसरा उपाय रिटेनिंग कंपाऊंडचा. दोन्ही भाग तेलमुक्त करून ते लावावे व २४ तास माग चालवू नये. किती फट भरते ते बाटलीवरील माहितीत पाहावे. मात्र पुढे गिअर काढताना तो तापवावा लागतो, म्हणून फायबर किंवा नायलॉनच्या गिअरला हा उपाय करू नये.

गिअर बसवताना शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला भक्कम आधार द्यावा, नाहीतर हातोड्याचा मार बेअरिंगवर बसतो.

शाफ्ट लंबगोल किंवा उतरता झिजला असेल तर शिम निरुपयोगी. तो लेथवर सरळ करून घ्यावा. नवा गिअर घ्यायचाच असेल तर शाफ्टचे माप टर्नरला देऊन भोक त्याच मापाने करून घ्यावे. आमच्या मते सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ मार्ग हाच.