खाडीचा चिखल चाळताना

शोधनिबंधात एकच ओळ असते: ‘माती ओल्या पद्धतीने चाळली.’ ठाण्याच्या चेंदणी बंदराकडचा चिखल बादलीत ढवळला की सुटणारा वास त्या ओळीत नसतो. हा चिकट गाळ बारीक चाळणीच्या जाळीत गच्च बसतो. नळाखाली धरून बोटांनी चोळता चोळता मनगटं भरून येतात. उरलेला गाळ साखरेच्या दाट द्रावणात फिरवला की बुरशीचे बीजाणू वर येतात. ते ताबडतोब धुवायचे. खारात तग धरणारे हे जीव साखरेत जरा जास्त वेळ राहिले तर आक्रसतात.

सूक्ष्मदर्शकाखाली गोल, पिवळसर दिसेल ते बीजाणूच असेल असं नाही. खाडीच्या गाळात प्लॅस्टिकचे मणीही निघतात. सुईने हलकेच दाबायचं. बीजाणू फुटतो, आतून तेलाचे थेंब ओघळतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिथून उठवणं कठीण!

तिवराची मुळं या गाळाहून हट्टी. अल्कलीत उकळली तरी काळीच राहतात, म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवायची, मग ट्रिपॅन ब्लूने रंगवायची. तेव्हा कुठे मुळाच्या पेशीत बुरशीचं निळं झुडूप दिसतं. मायकोरायझा म्हणतात ती हीच. गोव्यातल्या खारफुटीत तिच्या अनेक जाती जेम्स डिसोझा आणि बी. एफ. रॉड्रिग्ज यांनी 2013 मध्ये नोंदवल्या.

खारापुढे तिची पहिली युक्ती म्हणजे थांबणं. मिठाने बीजाणूंचं रुजणं लांबतं. उन्हाळ्यात खारजमिनीवर पांढरी खपली धरते. पावसाने मीठ धुपलं की रुजायला वाट मिळते. दुसरी युक्ती मला जास्त मोलाची वाटते. एडिथ हॅमर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की खाऱ्या मातीत ही बुरशी पोटॅशियम, कॅल्शियम निवडून घेते आणि सोडियम टाळते. शिवाय तिचे तंतू मुळांच्या पलीकडे जाऊन स्फुरद आणतात.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खार सोसणारे भाताचे वाण दिले. त्यांच्या जोडीला दिवा-डोंबिवलीकडच्या खाडीकाठची बुरशी वापरून पाहायलाच हवी. गोड्या मातीत वाढवलेल्या पाकिटातल्या बुरशीवर माझा तेवढा भरवसा नाही. खाडीकाठची ही बुरशी द्यायची तर रोपं गादीवाफ्यावर असतानाच. लावणीनंतर खाचरात पाणी तुंबलं की मुळांशी हवा उरत नाही आणि तिचं मुळात शिरणं मंदावतं.