इंग्रजीतला ‘दि’ कुठे गाळावा?

सहकारी बँकांच्या पाट्यांवरून ‘दि’ची ओळख आपणां सर्वांना आहे. मराठीत त्याला जोड नाही, म्हणून आपण तो कुठेही घालतो नाहीतर कुठेही विसरतो.

सातारा, सांगली या गावांना ‘दि’ लागत नाही, कृष्णेला लागतो. सह्याद्रीच्या रांगेला लागतो, कळसूबाईच्या एकट्या शिखराला नाही. एवढे पाठांतराने भागते.

खरी गोम पुढे आहे. 1943 साली वसंतदादा पाटील सांगलीच्या तुरुंगात होते. कैदी म्हणून होते, तेव्हा इंग्रजीत ते ‘इन जेल’. त्यांच्या भेटीला जाणारा मात्र ‘टू दि जेल’ जाणार. 24 जुलैला दादांनी तटावरून उडी घेतली, तो तटही ‘दि जेल’चाच. इमारत ज्या कामाची, त्याच कामासाठी माणूस तिथे असला की ‘दि’ गळतो. शाळेचे तेच. इस्पितळाचेही विलायतेत तेच. अमेरिकन लोक आजाऱ्यालाही ‘दि हॉस्पिटल’मध्येच ठेवतात!

अनेकवचनात ‘दि’ नसला की सगळी जात. असला की मागे सांगितलेले तेवढेच. आम्ही इंग्रजी शिकलो ते कराराच्या मसुद्यांवर. एका कारखान्याच्या मसुद्यात वाढ ‘दि वर्कमेन’ना होती, आणि वरच्या कलमात नावे फक्त कायम कामगारांची. आम्ही सही केली. बदली कामगार वगळले गेल्याचे कळले ते पगाराच्या दिवशी. पुढच्या करारात तो ‘दि’ आम्ही स्वतः खोडला, आणि वकिलांना वाट राहू नये म्हणून तिथे ‘ऑल’ लिहिला.