चमचा कोणता?

पावसाळ्याचे दिवस. रात्री अकराला बावधनच्या आमच्या घराची बेल वाजली. दारात शेजारची सून, कडेवर तापाने फणफणलेले आठ महिन्यांचे बाळ, हातात औषधाची बाटली.

"काकू, तुम्ही नर्स होतात ना? आधीची बाटली संपली म्हणून ही आणली. चमचाभरच द्यायचं ना?"

मी चष्मा लावला. संपलेली बाटली सिरपची होती. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. नवी ड्रॉप्सची, तिच्या एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम! नाव तेच, खोकेही जवळजवळ तसेच. बाळाचे वजन साडेआठ किलो. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम हा नेहमीचा हिशेब. चमचाभर, म्हणजे ५ मिली ड्रॉप्स दिले असते तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेले असते, चौपट! असे दोन-चारदा झाले की लिव्हरवर आघात होतो, आणि पहिल्या दिवशी तो दिसतही नाही.

डॉक्टरांना फोन करून खात्री केली, आणि खोक्यातल्या ड्रॉपरने १ मिली दिले. बाळाला अर्धवट बसते धरून, गालाच्या आतल्या बाजूने, थेंब-थेंब. आमच्या आज्या नाक दाबून घशात ओतायच्या. त्यात ठसका लागून औषध श्वासनलिकेत जायची भीती. दुधाच्या बाटलीत मिसळणेही नको. बाळाने निम्मे दूध टाकले तर औषध किती गेले, हे कसे कळणार?

त्या मुलीला मी रागावले नाही. आपल्या घरात चहाचा, साखरेचा, पोह्यांचा, सगळ्यांनाच आपण 'चमचा' म्हणतो. वॉर्डात आम्हाला शिकवले होते, लेबल तीनदा वाचायचे: बाटली काढताना, औषध मोजताना, परत ठेवताना. तेव्हा ते मला कटकटीचे वाटे. पण ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात पोलिओ लसीकरणात १२ बालकांना लशीऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने ती बचावली. बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आला तो वॉर्डातला औषधांचा ट्रे आणि न वाचलेले लेबल.

दुसऱ्या दिवशी सून पुन्हा आली. ताप उतरला होता. घरातल्या साऱ्या बाटल्या पिशवीत भरून आणल्या होत्या. "काकू, तुम्ही वाचा, मी लिहून घेते." आम्ही टेबलावर बाटल्या मांडल्या. सात निघाल्या. त्यांतल्या तीन मुदत संपलेल्या.