‘कॅप’ बसवली म्हणजे दात निर्धास्त नव्हे

कर्जत, प्रतिनिधी – दातावर ‘कॅप’ बसली आणि ठणका थांबला की बहुतेकांच्या लेखी उपचार संपलेला असतो. प्रत्यक्षात त्या दाताची खरी निगा तेव्हापासून सुरू होते. धातूच्या किंवा सिरॅमिकच्या कॅपला कीड लागत नाही, हे खरे; मात्र तिच्याखालचा दात नैसर्गिकच असतो. कॅपची कड आणि दात जेथे मिळतात, त्या हिरडीलगतच्या रेषेवर जिवाणूंचा थर साचतो आणि कीड तेथूनच आत शिरते. रूट कॅनाल केलेल्या दातातील नस काढलेली असल्याने तो किडला तरी सहसा ठणकत नाही. परिणामी, कॅप सैल होईपर्यंत किंवा दात मोडेपर्यंत अनेकदा पत्ताच लागत नाही.

‘ब्रिज’च्या बाबतीत जोखीम अधिक असते. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून, त्यांच्या आधाराने कृत्रिम दात बसवला जातो. त्यामुळे आधाराचा एक दात किडला, तरी बहुधा संपूर्ण ब्रिज काढावा लागतो.

घाईचा फटका

कर्जत व खालापूर तालुक्यांतील अनेक चाकरमानी पहाटेच्या लोकलने कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात. सकाळी घाईघाईत फिरवलेला ब्रश आणि रात्री थकून तसेच झोपणे, हा क्रम कॅपखालच्या दाताला महागात पडू शकतो. ग्रामीण भागात दातांना लावली जाणारी मशेरी ही तर भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्यांची हानी होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. हिरडी खाली सरकली की कॅपच्या कडेखालचे मूळ उघडे पडते व ते लवकर किडते.

काय करावे?

- मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दोन वेळा दात घासावेत. रात्रीची वेळ चुकवू नये.
- ब्रिजच्या कृत्रिम दाताखाली साधा ब्रश पोहोचत नाही. तेथे ‘सुपरफ्लॉस’ हा खास दोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश वापरावा.
- तात्पुरती कॅप असताना चिकट पदार्थ वर्ज्य करावेत. कायमची कॅप बसल्यावरही सुपारी, बर्फ किंवा लोणावळ्याची कडक चिक्की त्या दाताने फोडू नये.
- चावताना कॅप उंच लागत असल्यास ‘सवय होईल’ म्हणून थांबू नये. ती घासून घ्यावी.
- कॅप निघाल्यास जपून ठेवावी. घरातील गोंदाने न चिकटवता लवकर दंतवैद्य गाठावा.
- झोपेत दात खाण्याची सवय असल्यास ‘नाइट गार्ड’विषयी विचारावे.

दुर्गंधी, विचित्र चव, हिरडीतून रक्त येणे किंवा एकाच जागी अन्न अडकणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. ती नसली तरी साधारण सहा महिन्यांनी तपासणी व डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार एक्स-रे काढणे हिताचे. मधुमेहींनी याबाबत अधिक दक्ष राहावे. लोकलने येणाऱ्यांसाठी शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी स्थानकाजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. पनवेलकडे जाणाऱ्यांसाठी कामोठे व खारघर येथेही दंत महाविद्यालये आहेत.

चांगली निगा राखल्यास कॅप किंवा ब्रिज दहा-पंधरा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ टिकू शकतो. दुर्लक्ष झाल्यास मात्र कॅप शाबूत राहते आणि दात गमावण्याची वेळ येते.