मोरीचे पाणी आणि आपला गोबरगॅस



परळ-लालबागच्या मोऱ्यांचे पाणी गटारांतून वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्रात येते. तिथे जाळ्या कचरा अडवतात, वाळू खाली बसते नि पाणी पंपाने दूर समुद्रात जाते. खत वाया!

दादरशेजारी माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मात्र १८९७ साली मैल्याच्या टाकीतल्या गॅसवर दिवे लावले, १९०७ साली इंजिन चालवले. आपला गोबरगॅसही तसाच. हवाबंद टाकीत जिवाणू शेण कुजवतात. गॅस चुलीला, स्लरी शेताला.

एक मात्र ध्यानात ठेवा. टाकी तुंबली तरी आत उतरू नका. आतला वायू क्षणात जीव घेतो. पडलेल्याला काढायला म्हणून दुसराही उतरतो, तोही जातो. आणि कच्चे सांडपाणी भाजीला कधीच देऊ नका.