व्हायोलिन : पेटी येणाऱ्याला काय सोपे, काय अवघड

व्हायोलिनवर पडदे (सुराची जागा बांधून देणाऱ्या पट्ट्या) नसतात. बोट टेकेल तिथला सूर वाजतो. पेटी, तबला किंवा गायन शिकलेल्याला हे वाद्य चटकन साधते, हा समज म्हणूनच अर्धा खरा आहे. राग, ताल आणि सुराची ओळख सोबत येते, हाताचे काम नव्याने शिकावे लागते. भाकरी बिघडल्याचे जिभेला लगेच कळते, पण तेवढ्याने थापायचा हात येत नाही.

पूर्ण आकाराच्या व्हायोलिनच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे 33 सेंटिमीटर असते. तिच्या मध्यावर बोट दोन मिलिमीटर सरकले, तर सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने ढळतो. पेटीत हा प्रश्नच नसतो. गजाचे (घोड्याचे केस ताणलेल्या काठीचे) काम त्याहून चिवट. दाब, वेग किंवा घोडीपासूनचे (तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीपासूनचे) अंतर बिघडले की आवाज खरवडतो. तयार कानाला स्वतःचा बेसूर जास्त बोचतो. जाणकार नवशिका लवकर वैतागतो तो यामुळेच.

बेंगळुरूच्या मारतहळ्ळी भागातल्या मराठी शिकाऊला आधी वादनाची पद्धत ठरवावी लागते, कर्नाटक की पाश्चात्त्य. या शहरात कर्नाटक संगीताचे वजन मोठे. मल्लेश्वरमचे चौडय्या स्मारक सभागृह तर व्हायोलिनच्याच आकाराचे आहे. कर्नाटक पद्धतीत तारा सा-प-सा-प अशा लावून वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात. पाश्चात्त्य पद्धतीत तारांची जुळणी आणि वाद्य धरण्याची रीत दोन्ही वेगळ्या असल्याने मधेच पद्धत बदलणे महागात पडते.

गायन शिकलेल्याला खरा फायदा मींडेत (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरण्यात) मिळतो. ही जोड गजाननबुवा जोशी (1911–1987) यांच्यात दिसते; ते गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते.